मातीचा डबा

गतवर्षी चतुर्थीपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गातील एक मुलगी तापाने गेली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली, शाळा सुटली, आणि हजेरीपटावरून तिचे नाव वगळले गेले तसे ते आमच्या बोलण्यातूनही गेले. मुलांना दुःखाची आठवण करून देऊ नये, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती, असे आज आम्हांस वाटते.

आठवड्याने मातीकामाचा तास आला. चित्रशाळेतून आणलेल्या चिकणमातीचे उंदीर करावयास आम्ही सांगितले होते. सर्वांनी उंदीर केले. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मात्र एक डबा केला. झाकणाला एका बाजूस पोचा. तो डबा कोणाचा, हे वर्गाला सांगावे लागले नाही. 'सांगितले तेवढेच कर' हे शब्द आमच्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळले, हे बरे झाले. डबा हातोहात फिरू लागला. कोणी त्यात मातीची चपाती ठेवली, कोणी लोणच्याची फोड. "लोणचे ती कुणालाच देत नसे," असे कोणीतरी म्हणाले आणि आठ दिवस मुकी झालेली मुले हसली, मग रडली, मग बोलत राहिली.

माती आणि शोक यांचा संबंध आपणांस अपरिचित नाही. पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती फेरे घालतात, फेरीगणिक त्यास भोक पाडतात आणि अखेर ते मागे टाकून फोडतात. ज्या खड्याने भोक पाडले तो अश्मा दहाव्या दिवसापर्यंत जपला जातो. मडके म्हणजे देह, असा याचा अर्थ शास्त्रीबुवा सांगतील. आम्हांस एवढेच दिसते की, मन बधिर झालेल्या घटकेस परंपरेने हातांना काम दिले.

आणि ही गोष्ट फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तेथील लोक दगावलेले मूल दोन मातीच्या कुंभांत ठेवीत, कुंभांची तोंडे एकमेकांस जोडीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच ते आडवे पुरीत. शेजारी वाडगा, तोटीचे भांडे. त्या आयांनी आपले लेकरू गावाबाहेर धाडले नाही. ज्या जमिनीवर चूल पेटे, तिच्याच पोटात त्यास ठेवले.

जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात वीरगळ आहेत. रणात पडलेल्यास दगड मिळाला. घरातल्या लहानग्यास दगड कोण देणार? त्याच्या वाट्याला माती आली, आणि आम्हांस तीच अधिक जवळची वाटते. हल्ली आपण तसबीर लावतो, तिला प्लॅस्टिकचा हार घालतो, तीही अशा उंचीवर की मुलांचा हात पोहोचू नये. कोवळ्या मनास हे सोसणार नाही, असे पालक म्हणतात. परंतु ते मन एकटे सोसतच असते. आपण केवळ पाहत नाही. असा प्रसंग शाळेवर पुन्हा न येवो. आलाच, तर दोन मिनिटांच्या स्तब्धतेनंतर मुलांस घरी न पाठवता एक तास आणि थोडी माती द्यावी, असे आमचे मत आहे.

तो डबा भाजलेला नव्हता. खिडकीत ठेवला असता त्याच्या झाकणास तडा गेला. चतुर्थीच्या सुटीस जाताना मैत्रिणीने तो रुमालात गुंडाळून घरी नेला. पुढे त्याचे काय केले, हे आम्ही विचारले नाही.