रानातील उंदीर आणि शाळेतील गोळी

रानातील प्राणी सदैव निरोगी असतात व रोगराई ही केवळ मनुष्यवस्तीची देणगी होय, असा एक समज रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही. आमचा साक्षीदार म्हणजे इंग्लंडच्या वनांतील एक इवलासा उंदीर.

या उंदराच्या लहान आतड्यात हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस नावाचा तांबडा, वेटोळी घालून राहणारा कृमी आढळतो. त्याची अंडी लेंड्यांवाटे जमिनीवर पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उंदराच्या पोटात जातात, आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि सुमारे ८ दिवसांनी प्रौढ होऊन पुन्हा पोकळीत उतरतात. जेथे अळी शिरते तेथे गाठ उठते. अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म अंकुर खुजे होतात. उंदीर बहुधा मरत नाही. परंतु जे अन्न त्याने कष्टाने मिळविले, त्याचा पुरता लाभ त्यास होत नाही.

मग औषध दिले तर? तोही प्रयोग झाला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा उंदरांना कृमिनाशक औषध देण्यात आले. कृमी घटले, पण त्याच आतड्यातील आयमेरिया हा दुसरा परजीवी वाढला, आणि थोड्याच काळात सर्व काही पूर्ववत् झाले. कारण उघड आहे : औषध पोटात गेले, जमीन मात्र होती तशीच राहिली.

हा धडा आपणांस लागू आहे. आपल्या देशात २०१५ पासून १० फेब्रुवारीस राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात व १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी देतात. ती अवश्य घ्यावी. अंकुशकृमी आतड्यास डसून रक्त पितो आणि बालकाचे बळ हरण करतो. त्याची उपेक्षा घातक होय. परंतु गोळी वाटून हजेरीपटावर खूण केली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. अंकुशकृमीची अळी दूषित मातीतून अनवाणी पायांत शिरते. तिला गोळीची तारीख ठाऊक नसते.

उंदरास शौचकूप बांधता येत नाही, पायताण घालता येत नाही, हात धुता येत नाहीत. आपणांस हे सर्व येते. येत असूनही आपण ते न केले, तर त्या मुक्या जीवाहून आपण अधिक शहाणे आहोत, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.