घरातली यंत्रे : मशीनमधले पाणी जात नाही, म्हणजे पंपच गेला का?



पावसाळ्यात अंबाडी-वज्रेश्वरी भागात कपडे वाळवणे हे मोठेच काम असते. मशीन पिळून देते, म्हणून निदान दुसऱ्या दिवशी नमाजला कोरडे कपडे मिळतात. नेमक्या याच दिवसांत मशीन अर्ध्यावर थांबते. कपडे साबणाच्या पाण्यात बुडालेले, दार बंद आणि पडद्यावर काहीतरी अक्षरे लुकलुकत असतात. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘5सी’ किंवा ‘5ई’, बॉशवर ‘ई18’. या तिन्हींचा अर्थ एकच : पाणी बाहेर गेले नाही. पंप जळाला असा त्याचा अर्थ नाही. हा फरक घरात माहीत असला, तर पुष्कळदा नव्या पंपाचा खर्च वाचतो.

आधी मशीन कोणती ते पाहा

समोरून दार असलेल्या मशीनमध्ये तळाशी पाणी फेकणारा पंप असतो. वरून कपडे टाकायच्या अनेक ऑटोमॅटिक मशीनमध्ये मात्र पंप नसतोच. तिथे तळाशी झडप असते, छोटी मोटर ती ओढून उघडते आणि पाणी उताराने निघून जाते. अशा मशीनची नळी मोरीत जमिनीलगतच सोडावी लागते. कोणी ती उंच टांगली, तर मशीन ठणठणीत असूनही पाणी अडते. दोन टबच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये साधारणपणे बटण फिरवल्यावर एक पट्टी किंवा दोरी झडप उचलते. ती निसटली किंवा झडपेत चिंधी अडकली, तर तोच प्रकार होतो. अशा मशीनसाठी कोणी ‘पंप बदला’ म्हटले, तर ‘यात पंप कुठे आहे ते दाखवा’ असे नम्रपणे विचारावे.

पंप चालतो कसा?

हा पंप साधा आहे. बाहेर तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल आणि आत लोहचुंबक बसवलेला दांडा. दांड्याच्या टोकाला पंख्यासारखी पाती असतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. त्या तालावर चुंबक मिनिटाला 3000 फेरे फिरतो आणि पाती पाणी नळीत ढकलतात. पात्यात नाणे अडकले तर चुंबक फिरू शकत नाही, जागच्या जागी थरथरतो. आपल्याला ऐकू येणारा ‘घुंऽऽ’ आवाज तोच. अशा वेळी कॉइल तापत राहते. म्हणून मशीन पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. पाच रुपयांच्या नाण्याने अडलेला चांगला पंप अशानेच खरोखर जळतो.

आवाज काय सांगतो?

फक्त पाणी काढायचा किंवा पिळायचा प्रोग्रॅम लावा आणि खाली कान द्या.

घुमण्याचा आवाज येतो, पण पाणी येत नाही : पात्यात किंवा फिल्टरमध्ये काही अडकले आहे.

पंप फिरल्यासारखा वाटतो, पण पाण्याची धार बारीक आहे : नळी दुमडली आहे, तुंबली आहे किंवा पाती दांड्यावर सैल झाली आहेत.

काहीच आवाज नाही : पंपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा कॉइल तुटली आहे.

पाणी पूर्ण गेले, तरी मशीन पुढे सरकत नाही : पंप बरा आहे. पाण्याची पातळी मोजणारा भाग चुकीचे सांगत असावा.

हात लावण्यापूर्वी

बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग सॉकेटमधून काढा. जमीन ओली असेल तर आधी पुसा आणि पायात कोरडी चप्पल घाला. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी निवू द्या. मुलांना बाजूला ठेवा. एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा : मशीनच्या प्लगची जाड, तिसरी पिन शोभेची नसते. घराला अर्थिंग नसेल, तर मशीनच्या दुरुस्तीआधी ते काम करून घ्या. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती त्याच क्षणी वापरणे बंद करावे.

घरच्या घरी तपासणी

आधी मागची नळी पाहा. मशीन भिंतीला सरकवताना ती दाबली जाते. समोरच्या दाराच्या मशीनची नळी साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर असावी. तिचे तोंड मोरीच्या गाळात बुडालेले नसावे.

मग खाली उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यातले छोटे झाकण उघडा. शेजारी बारीक नळी असेल, तर तिचे बूच काढून पाणी परातीत थोडे थोडे घ्या. नसेल, तर फडकी पसरून फिल्टर हळूहळू सैल करा. एकदम उघडलात तर खोलीभर पाणी होईल. पाणी संपल्यावर फिल्टर बाहेर काढा. नाणी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, हिजाबच्या टाचण्या, तुटलेल्या तसबीहचे मणी असे बरेच काही त्यातून निघते. भिवंडी तालुक्यात आणखी एक पाहुणा असतो : मागावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांतली रुई आणि सुताचे तुकडे. साबणाबरोबर त्यांचा घट्ट बोळा होतो.

फिल्टरच्या पोकळीत टॉर्च मारा. आत पाती दिसतील, ती लाकडी काडीने फिरवा. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतात. तो दोष नाही, चुंबकाची ओढ आहे. मात्र अजिबात हलत नसतील किंवा भिंगरीसारखी मोकळी फिरत असतील, तर बिघाड तिथेच आहे. सुताचा धागा गुंडाळला असेल तर चिमट्याने काढा. फिल्टर घट्ट बसवा, थोडे पाणी घालून चालवून बघा.

एवढे करूनही आवाज नसेल, तर पुढचे काम जाणकाराचे. प्लग काढलेला असताना तो पंपाच्या वायरी सोडवून मल्टीमीटर लावतो. या प्रकारच्या पंपात साधारण 100 ते 200 ओहम रोध दिसतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली आहे आणि पंप बदलणे भाग आहे. रोध ठीक असेल, तर दोष वायरीत किंवा सर्किटमध्ये आहे. नवा पंप घालून उपयोग नाही. हे मापन आपल्यासमोर करायला सांगणे हा अविश्वास नव्हे. बिलात पंपाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, जुना पंप परत मागा. प्रामाणिक कारागिराला याचे वाईट वाटत नाही. कारागिरी हीसुद्धा अमानत आहे. त्याने फक्त नाणे काढून दिले, तरी त्याच्या वेळेची मजुरी खुशीने द्यावी.

त्या कपड्यांचे काय?

मशीन अडली म्हणजे कपड्यांतले पहिले पाणी निघालेच नाही. बाळाचे लंगोट आणि नमाजचे कपडे एकत्र असतील, तर सगळे कपडे त्याच पाण्यात आहेत. ते नुसते पिळून दोरीवर टाकले, तर स्वच्छ दिसतील, पण पाक झाले असे म्हणता येणार नाही. ते बाहेर काढून वेगळ्या, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावेत. हनफी घरांत तीनदा धुऊन दरवेळी पिळण्याची रीत आहे. आपल्याकडच्या कोकणी घरांत शाफई मसलक चालतो, तिथे तपशील वेगळा आहे. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावे. दोन्हीकडे चालेल अशी सवय एकच : दिसणारी नजासत आधी नळाखाली हाताने काढावी, मगच कपडा मशीनमध्ये टाकावा.

परातीत काढलेल्या साबणाच्या पाण्याने मोरी आणि अंगण घासून घ्या. नबी करीम (स.) साधारण एका मुदएवढ्या, म्हणजे लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करत, अशी हदीस आहे. त्यांच्या उम्मतीच्या घरात बादलीभर पाणी उगाच वाया जाऊ नये.

महिन्यातून एकदा

एखाद्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी फिल्टर उघडून धुवा. मशीन भरण्याआधी खिसे उलटे करा आणि हे काम मुलांना द्या. सापडलेले नाणे मशिदीच्या पेटीत टाकायचे, असा नियम केला तर एकही खिसा तपासायचा राहणार नाही. मागावरचे कपडे बाहेर झटकून, जाळीच्या पिशवीत घालून धुवा. टाचण्या आणि मोजेही त्याच पिशवीत नकोत : टाचण्या डबीत, मोजे वेगळ्या पिशवीत.

अल्लाह तआला आपल्या घरांत आणि कमाईत बरकत देवो. आमीन.