कंसातला एक्स

६ नोव्हेंबर १९९१. अंकाराच्या संसदेत नव्या खासदारांचा शपथविधी चालला होता. दियारबाकीरहून निवडून आलेल्या तिशीच्या लेयला झाना पुढे आल्या. डोक्याला पट्टी, पट्टीवर पिवळा, हिरवा आणि लाल हे कुर्दांचे तीन रंग. ओरडा तिथूनच सुरू झाला. त्यांनी शपथ तुर्की भाषेत घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दीत जोडलं. ही शपथ मी तुर्क आणि कुर्द यांच्या बंधुभावासाठी घेते आहे, असा त्याचा अर्थ. सभागृहात बाकं वाजली, शिव्या झाल्या, अटक करा असा पुकारा झाला. वाक्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. गदारोळ अर्थावरून झालाच नव्हता, तो झाला होता भाषेच्या नुसत्या आवाजावरून.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर तुर्कस्तान कशाला, असं कुणी विचारेल. वर्षभर कुठल्या ना कुठल्या संसदेत परक्या देशातल्या मानवी हक्कांवर चर्चा होते, ठराव होतो, आपल्या वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळी येतात. ते ठराव पुढे काय करतात, हे पाहायला झानांची गोष्ट फार उपयोगी आहे. शिवाय तिच्यात एक अक्षर आहे, आणि अक्षरं हा आमचा धंदा.

कुर्दी भाषेवरची बंदी लिहिणाऱ्याची हुशारी आधी पाहा. १९८३ च्या कायद्यात ‘कुर्दी’ हा शब्द औषधालाही नव्हता. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या पहिल्या राजभाषेखेरीज इतर भाषेत विचार मांडायचे नाहीत, छापायचे नाहीत, एवढंच त्यात म्हटलं होतं. सगळी मेख ‘पहिल्या’ या शब्दात. शेजारच्या इराकमध्ये कुर्दीला अरबीच्या खालोखाल अधिकृत स्थान होतं, म्हणून पळवाट आधीच बुजवून ठेवली. दियारबाकीरच्या लष्करी तुरुंगात भेटीच्या वेळीही तुर्कीच बोलावं लागे. ज्या आयांना तुर्की येत नव्हती त्या मुलासमोर मुक्या बसत आणि वेळ संपली की उठत. झानांचे पती मेहदी हे त्या शहराचे महापौर होते. १९८० च्या लष्करी बंडानंतर ते पकडले गेले आणि त्याच तुरुंगात राहिले. तुरुंगाच्या दारातच झाना राजकारण शिकल्या. हा कायदा रद्द झाला एप्रिल १९९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या शपथेच्या जेमतेम सात महिने आधी. कायदा गेला, सवय राहिली.

आता ते अक्षर. तुर्कस्तानच्या संसदेत खासदार मध्येच कुर्दी बोलला, की इतिवृत्तात त्या जागी त्याचे शब्द येत नाहीत. कंसात एक्स येतो आणि खाली तळटीप येते, की वक्त्याने इथे तुर्की नसलेले शब्द उच्चारले. न्यायालयांचा शेरा याहून भारी. २०१० मध्ये दियारबाकीरच्या खटल्यात आरोपी कुर्दीत बोलले, तेव्हा नोंद झाली ‘अज्ञात भाषा’ अशी. ज्या शहरात भाजीवाल्यापासून सगळे ती भाषा बोलतात, त्याच शहरात!

गंमत अशी, की १९२८ च्या लिपी कायद्याने ठरलेल्या तुर्की वर्णमालेत एक्स हे अक्षरच नाही. क्यू आणि डब्ल्यूही नाहीत. कुर्दीला ही तिन्ही लागतात. त्यांपायी मुलांची नावं नोंदवून घेतली जात नसत, आणि नवरोज या कुर्दांच्या नववर्षाच्या निमंत्रणात डब्ल्यू छापला म्हणून खटले भरले जात. ‘शो’ नावाची दूरचित्रवाहिनी मात्र तोच डब्ल्यू रोज पडद्यावर मिरवत होती, तिला कुणी हटकलं नाही. ही अक्षरं मोकळी करण्याची घोषणा झाली २०१३ मध्ये. कुर्दी माणसाला जो एक्स स्वतःच्या नावात लिहिता येत नव्हता, तोच त्याची भाषा पुसायला सरकारी कारकुनाच्या कामी आला. (हिंदी पाटीवर आपल्या टिळकांचे ‘तिलक’ होतात तेव्हा आपण कुरकुरतो. पण ‘ळ’ लिहिला म्हणून आपल्यापैकी कुणावर खटला झालेला नाही. हा फरक लहान नाही.)

मार्च १९९४ मध्ये झानांचं संसदीय संरक्षण काढून त्यांना अटक झाली. डिसेंबरात पंधरा वर्षांची शिक्षा झाली, ती सशस्त्र संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून. पुढच्या वर्षी युरोपीय संसदेने त्यांना मानवी हक्कांसाठीचा आपला साखारोव्ह पुरस्कार जाहीर केला. भाषणं उत्तम झाली. आणि त्याच वर्षी, १३ डिसेंबर १९९५ रोजी, त्याच संसदेने तुर्कस्तानबरोबरच्या सीमाशुल्क संघाला संमती दिली. अंकाराने मधल्या काळात काही कलमं थोडी सैल केली होती, तेवढ्यावर भागलं. पुरस्काराची मानकरी तुरुंगात, व्यापाराचा रस्ता खुला.

म्हणून हे ठराव म्हणजे निव्वळ बोलाची कढी, असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानला उमेदवार देश मानलं आणि चित्र पालटलं. २००१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने झानांचा खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता असा निकाल दिला. २००२ मध्ये कुर्दी प्रसारणाला आणि खाजगी वर्गांना वाट मिळाली. ९ जून २००४ रोजी टीआरटी या सरकारी प्रसारण संस्थेवरून पहिल्यांदा कुर्दी कार्यक्रम झाला आणि त्याच दिवशी झाना सुटल्या. त्या ऑक्टोबरात त्या युरोपीय संसदेत गेल्या, पुरस्कारानंतर नऊ वर्षांनी. ठरावाला वजन आलं ते त्यामागे सदस्यत्वाचं दार किलकिलं होतं म्हणून. दार आक्रसत गेलं तसे शब्दही हलके झाले. टीआरटीने १ जानेवारी २००९ पासून चोवीस तासांची कुर्दी वाहिनी काढली. दोन महिनेही झाले नसतील, २४ फेब्रुवारीला मातृभाषा दिनाच्या निमित्ताने खासदार अहमद तुर्क पक्षाच्या सभेत कुर्दीत बोलू लागले, तर त्याच टीआरटीने थेट प्रसारण तोडलं. वाहिनीवर कुर्दी सरकारची होती, भाषणात ती बोलणाऱ्याची झाली.

ठराव करणाऱ्यांच्या घरातही डोकावलं पाहिजे. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांची युरोपीय सनद स्ट्रासबर्गमध्ये ५ नोव्हेंबर १९९२ रोजी सह्यांसाठी खुली झाली, झानांच्या शपथेला वर्ष व्हायला एक दिवस कमी असताना. स्ट्रासबर्ग फ्रान्समध्ये आहे. युरोपीय संसद तिथेच बसते, आणि गावाची जुनी अल्सेशियन बोली तिथेच क्षीण होत चालली आहे. फ्रान्सने १९९९ मध्ये सनदेवर सही केली, अनुमोदन आजवर दिलेलं नाही. ब्रिटनी प्रांतातल्या एका जोडप्याने बाळाच्या ब्रेटन नावात ‘एन’वर लाटेसारखी खूण दिली, तेव्हा २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने ती नाकारली. कारण काय, तर देशाची एकता! वरच्या न्यायालयाने पुढे नाव राखलं. ८ एप्रिल २०२१ रोजी फ्रेंच संसदेने २४७ विरुद्ध ७६ मतांनी प्रादेशिक भाषांच्या बाजूने कायदा केला. २१ मे रोजी घटना परिषदेने त्यातली दोन कलमं उडवली. एक होतं त्या भाषांच्या माध्यमातून पूर्ण शिक्षण देण्याचं, दुसरं अशाच खुणांचं. क्यू, डब्ल्यू, एक्सला हसणाऱ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. तुर्कस्तानात माणसं तुरुंगात गेली, फ्रान्समध्ये अर्ज परत आले. यातना सारख्या नाहीत, पण एकता अक्षराने मोडते ही समजूत दोन्हीकडे एकच.

आणि आपण? राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीच्या वर भरले, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळपास. दोन्ही भाषा परिशिष्टात नाहीत, दोन्ही महाराष्ट्रात बोलल्या जातात. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर सरकारदरबारी ती विनापरवाना ठरली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगणारं घटनेचं कलम ३५०-अ बेळगावच्या मराठी शाळांसाठी आपल्याला तोंडपाठ असतं. मोहगावसाठी तेच कलम आपल्यापैकी किती जणांना आठवलं?

सरकारला बोल लावून मला सुटका नाही. या अंकाच्या जुन्या फायली मी यंदा काढून बसलो. गोंडी गाणी, भिली कथा, कोरकूतल्या आठवणी आम्ही कितीदा तरी छापल्या, पण फक्त मराठी भाषांतर. मूळ शब्द जागेअभावी गळाले. म्हणजे आम्हीही तिथे कंसात एक्सच घातला होता, फक्त तळटीप दिली नाही, एवढंच.

पुढच्या वर्षापासून मूळ मजकूर आधी छापू, मराठी त्याच्या खाली, पानं वाढली तरी चालतील. गोंडी, भिली, कोरकू, कोलामी लिहिणाऱ्यांनी आपलं लेखन जूनअखेर पाठवावं. मराठीत आणायला माणूस आम्ही शोधू.