अमोल मुझुमदार यांची सुरुवातीची वर्षे : ‘नियतीने न्याय केला’ या कथेत काय हरवते?

#इतिहासधागा

१/ २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्या रात्रीपासून एक कथा सर्वत्र फिरू लागली : ज्या फलंदाजाला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, त्याचे देणे नियतीने नवी मुंबईत व्याजासह फेडले.

२/ कथा गोड आहे. इतिहास म्हणून ती तोकडी आहे. नियतीला मध्ये आणले की माणसांनी घेतलेल्या निर्णयांची चौकशी थांबते. शिवाय, १९९४ ते २०२५ ही मधली सारी वर्षे जणू केवळ प्रतीक्षालयात गेली, असा समज होतो. म्हणून या फलंदाजाची सुरुवातीची वर्षे पुन्हा तपासायला हवीत.

३/ फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. शारदाश्रमचा डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही.

४/ हा प्रसंग पुढे त्यांच्या साऱ्या आयुष्याचे रूपक ठरवला गेला. पण त्या वेळी त्याचा अर्थ साधा होता. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली एकाच शाळेच्या संघात तीन असामान्य फलंदाज एकाच वेळी घडत होते आणि एका डावात खेळपट्टीवर दोघेच उभे राहू शकतात. जागा कमी आणि लायक माणसे अधिक, हे गणित अमोल यांना शाळेतच भेटले. पुढे तेच गणित मोठ्या प्रमाणावर पुन्हा समोर आले.

५/ फेब्रुवारी १९९४. रणजी करंडकाची उपउपांत्यपूर्व फेरी, मुंबई विरुद्ध हरियाणा, फरिदाबाद. एकोणीस वर्षांच्या अमोल यांनी प्रथम श्रेणी पदार्पणातच २६० धावा काढल्या. पदार्पणातील ती जगातील सर्वोच्च खेळी ठरली आणि तो मान डिसेंबर २०१८ पर्यंत टिकला. मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करून तो मोडला. २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने ३४१ पर्यंत मजल मारली.

६/ त्या हंगामात रवी शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने नऊ वर्षांनंतर रणजी करंडक परत आणला. पाठोपाठ अमोल यांच्याकडे १९ वर्षांखालील भारतीय संघाचे उपकर्णधारपद आले. १९९४-९५ मध्ये ते भारत ‘अ’ संघात राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांच्यासह खेळले. ‘नवा तेंडुलकर’ ही उपाधी याच काळात त्यांना चिकटली.

७/ एवढ्या आरंभानंतर भारताची टोपी मिळणे अटळच होते, असे आज वाटते. पण पदार्पणातील मोठी खेळी ही कधीच हमी नव्हती. गुंडाप्पा विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये म्हैसूरकडून पदार्पणात २३० धावा काढल्या आणि पुढे ९१ कसोटी सामने खेळले. अमोल यांच्या खेळीत त्याहून ३० धावा अधिक होत्या आणि त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. फरक त्या आकड्यांत शोधून सापडत नाही.

८/ तो सापडतो १९९६ मध्ये. २० जून रोजी लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी एकाच कसोटीत पदार्पण केले. गांगुली १३१, द्रविड ९५. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आले. तेंडुलकर आणि अझरुद्दीन आधीपासून होतेच. मधली फळी भरली आणि दीर्घकाळ भरलेलीच राहिली. पुढे द्रविड यांनी कसोटीत १३,२८८, लक्ष्मण यांनी ८,७८१ आणि गांगुली यांनी ७,२१२ धावा केल्या.

९/ आता प्रश्न असा : अमोल यांना जागा देण्यासाठी यांतील कोणाला वगळायला हवे होते? या प्रश्नाला सामोरे न जाता ‘अन्याय’ हा शब्द वापरणे सोपे आहे. एखाद्या दौऱ्यावर, एखाद्या दुखापतीच्या वेळी संधी देता आली असती, असे म्हणण्यास नक्कीच जागा आहे. पण ज्यांची निवड झाली त्यांनी ती सार्थ केली, हेही तितकेच खरे.

१०/ मुंबईने हे यापूर्वीही पाहिले होते. डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. पण त्यांचा काळ बिशनसिंग बेदी यांचा काळ होता. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांची कथाही तीच. क्रीडा इतिहासात गुणवत्तेइतकेच महत्त्व जन्मवर्षाला असते, हे सत्य कटू असले तरी कोणाच्या कटाचा पुरावा नव्हे.

११/ मग अमोल मुझुमदार ‘राहून गेलेले’ फलंदाज ठरतात का? १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८.१३. मुंबईनंतर आसाम, मग आंध्र, आणि २०१४ मध्ये निवृत्ती. सुमारे वीस वर्षे रणजीच्या रिकाम्या प्रेक्षागृहांपुढे धावा करत राहणे ही स्वतंत्र, पूर्ण कारकीर्द आहे. तिला ‘प्रतीक्षा’ म्हणणे हा तिचा अवमानच होय.

१२/ २००६-०७ चा हंगाम याची साक्ष देतो. अमोल कर्णधार होते आणि मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले. पुढे बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात धावफलक शून्यावर असताना मुंबईचे पाच गडी बाद झाले होते. तो सामना मुंबईने जिंकला आणि अंतिम फेरीत बंगालला हरवून करंडकही पटकावला.

१३/ विश्वचषकातही भारतीय महिला संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन सामने हरला होता. त्यानंतर नेरूळमध्येच न्यूझीलंडवर विजय, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा यशस्वी पाठलाग, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा. तीन पराभवांनंतर संघ कसा सावरतो, याचा अनुभव प्रशिक्षकाच्या गाठीशी अठरा वर्षांपूर्वीपासून होता. तो नियतीने दिलेला नव्हता. स्थानिक क्रिकेटने दिलेला होता.

१४/ आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन सामनावीर ठरलेली शेफाली वर्मा मूळ पंधरा जणींत नव्हती. प्रतिका रावल दुखापतग्रस्त झाल्यावर तिला बोलावण्यात आले. निवडीत राहून गेलेल्या खेळाडूची तयारी एका दिवसात कामी येऊ शकते. अट एकच, तिला बोलावणारे कोणी असावे.

१५/ हा विषय नवी मुंबईला विशेष लागू आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीपर्यंत लोकल पोहोचली १९९२ मध्ये. अमोल यांच्या बालपणी क्रिकेट म्हणजे खाडीपलीकडची मैदाने. आता याच शहरात आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे आणि शाळकरी स्पर्धा आहेत. जानेवारी २०१८ मध्ये कोपरखैरणेत एका शाळकरी मुलाने नाबाद १,०४५ धावा केल्या. दोन वर्षे आधी कल्याणला नाबाद १,००९ ची खेळी झाली होती. त्या खेळीने इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. तो कॉलिन्स प्रथम श्रेणी क्रिकेट कधीच खेळला नाही. १९१४ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर तो मारला गेला.

१६/ अशा प्रत्येक आकड्यानंतर कॅमेरे येतात, सत्कार होतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात ‘नवा तेंडुलकर’ अशी पाटी अडकते. १९९४ च्या अनुभवावरून आपला समाज फारसे शिकलेला नाही. त्या पाटीमुळे पुढची प्रत्येक साधी खेळी अपयश ठरते आणि खेळात टिकून राहणे ही गोष्ट कोणाच्या हिशेबातच येत नाही.

१७/ तरुण इतिहासप्रेमींसाठी यातून एक कसोटी मिळते. कोणत्याही खेळाडूची आरंभीची वर्षे वाचताना शेवट ठाऊक असल्याचे विसरून वाचावे. त्या वर्षी जागा किती होत्या? स्पर्धेत आणखी कोण होते? आणि निवड न झाल्यानंतर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मथळ्यांत सापडत नाही; त्यासाठी स्थानिक सामन्यांचे धावफलक उघडावे लागतात.

१८/ विश्वचषक भारताने हरला असता, तरी ११,१६७ धावा तेवढ्याच राहिल्या असत्या. त्यांचे मोल नेरूळच्या रात्रीने ठरलेले नाही. त्या रात्रीने इतकेच केले की फारशा कोणी न वाचलेल्या धावफलकांकडे लोकांचे लक्ष वळले. ते आता तिथे टिकावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

#धागासमाप्त