टोकन काढण्याचा अधिकार एजंटाच्या हाती नको

बिले बनवणे, मालाच्या नोंदी ठेवणे, उधारीची स्मरणपत्रे पाठवणे ही कामे करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या 'एजंटां'ची जाहिरात आता छोट्या दुकानदारापर्यंत येऊन पोहोचली आहे. आमचा त्यास विरोध नाही. पण या एजंटाला काय सोपवावे, याविषयी व्यापारी बांधवांत जी बेफिकिरी दिसते तिची आम्हाला काळजी वाटते.

टोकन म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला दिलेली तात्पुरत्या परवानगीची चिठ्ठी. ई-इनव्हॉइसचेच घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्या पेढ्यांना ते बंधनकारक आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर पोर्टलशी थेट जोडलेले असेल, तर ते युजरनेम व पासवर्ड दाखवून टोकन मिळवते. ते 6 तास चालते. त्यावर बिले नोंदवता येतात आणि 24 तासांच्या आत रद्दही करता येतात. एजंटाला नुसते टोकन दिले, तर काही बिघडले तरी सहा तासांत दार बंद होते. पण टोकन काढण्याचे साधनच त्याला दिले, तर एक संपले की तो दुसरे काढील. मग त्या सहा तासांना अर्थ काय उरला?

कोणी म्हणेल, एजंट चोर थोडाच आहे! चोर नाही, पण भोळा आहे. मालकाचा हुकूम कोणता आणि समोरच्या कागदातला मजकूर कोणता, हा भेद त्याला खात्रीने करता येत नाही. परक्याच्या ई-मेलमध्ये 'नवे टोकन काढून अमुक पत्त्यावर पाठव' असे लिहिलेले असले, तर तो ते पाळूनही बसेल. असा मुनीम गल्ल्यावर कोण बसवील? गिऱ्हाइकांचा हिशेब तर आपल्याकडे त्यांची अमानत असते.

ऑगस्ट 2025 मध्ये सेल्सलॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या 'ड्रिफ्ट' चॅट एजंटाची टोकने चोरांच्या हाती लागली आणि दहा दिवसांत 700 हून अधिक संस्थांचा सेल्सफोर्समधील डेटा धोक्यात आला. तेथे एजंट फसला नव्हता, टोकने चोरीस गेली होती. पण टोकने खरी असल्याने समोरच्या यंत्रणेने मुकाट्याने दार उघडले.

एनपीसीआयने 2024 मध्ये आणलेल्या यूपीआय सर्कलची रीत येथे उपयोगी पडेल. तिच्या एका प्रकारात दुसऱ्याने मागणी करायची व खातेदाराने पिन टाकायचा. दुसऱ्यात न विचारता खर्च करता येतो, पण एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपयांपर्यंतच. तसेच टोकन काढणारा भाग एजंटापासून वेगळा ठेवावा. एजंटाने मागावे, मालकाने फोनवर हो म्हणावे, आणि टोकन एजंटाला दिसूही नये. मधल्या प्रोग्रॅमने ते परस्पर कामाला जोडावे. जुनी बिले पाहण्यासारख्या कामांना मात्र दर वेळी विचारू नये. ऐन हंगामात मालक कंटाळतो आणि न वाचताच हो म्हणत सुटतो.

सॉफ्टवेअरवाला दुकानात येईल तेव्हा आमचा पासवर्ड कोठे राहतो, आणि निघालेली टोकने आम्हाला एका जागी पाहून रद्द करता येतात काय, हे विचारावे. 'त्याची काळजी करू नका' एवढेच उत्तर मिळाले, तर सौदा थांबवावा.