माइक मुलांकडे द्या

माझी ताई झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवते. वर्गासाठी पॉडकास्ट करायचं म्हणाली, तेव्हा मी सांगितलं, "तुझे धडे रेकॉर्ड कर, मुलं ऐकतील." चुकलोच. म्हणजे पुन्हा बोलणार बाई, आणि मुलं गप्प.

ताईने फोन मुलांच्या हातात दिला. एका मुलीने आजीला विचारलं, "१९७२च्या दुष्काळात तुम्ही काय खायचात गं?" खडी फोडायचं काम, मिलोची भाकरी, सुकडी, सगळं निघालं. दहा मिनिटं, ६४ केबीपीएसला फाइल जेमतेम ५ एमबी.

तर शाळेत फर्मान निघालं: भाषा शुद्ध करून पुन्हा रेकॉर्ड करा!

अहो, खरखर काढायला माझ्याकडे फिल्टर आहे. आजीची बोली म्हणजे खरखर नव्हे. ती पुसून मुलांना ऐकवणार काय? पुस्तकातला धडा तर त्यांच्या दप्तरात आहेच.