झिऑन लावला म्हणजे संगणक वेगवान झाला का?

अर्धापुरातल्या एखाद्या फोटो स्टुडिओला, ऑनलाइन सेंटरला किंवा केळीच्या व्यापाऱ्याला नवा संगणक घ्यायचा असला, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: चार कोअरचा साधा प्रोसेसर कशाला घेता, तेवढ्याच पैशात चौदा कोअरचा सर्व्हरचा प्रोसेसर येतो. डेटा सेंटरमधून उतरवलेले इंटेलचे जुने झिऑन, चिनी बनावटीचा मदरबोर्ड आणि सर्व्हरमधलीच जुनी रॅम असे तयार संच देशभर विकले जातात, आणि त्यांची जाहिरात गावोगावच्या मोबाइलवर पोचलेली आहे. हा पूर्वपक्ष वरवर पाहता बिनतोड आहे. नवा असताना ज्याची किंमत लाखाच्या घरात होती, जो रात्रंदिवस चालायला घडवला गेला, ज्याच्यावर मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार चालला, तो दुकानातल्या टेबलावर हळू कसा चालेल? माझं म्हणणं असं की बहुतेक कामांत तो हळूच चालतो. यात त्या प्रोसेसरचा काही दोष नाही. आपण वेग हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो, तिथे सगळी गफलत होते.

एक जोडी समोर ठेवू. 2016 सालचा झिऑन ई5-2680 व्ही4: 14 कोअर, मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ, फार तर 3.3 पर्यंत जाणारा, 120 वॅटचा. दुसरीकडे 2022 च्या जानेवारीत आलेला कोअर आय3-12100: अवघे 4 कोअर, पण 4.3 गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा आणि 60 वॅटचा. शिवाय नव्या रचनेचा कोअर घड्याळाच्या एकेका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. म्हणून आय3चा एक कोअर झिऑनच्या एका कोअरच्या दीडपट धरला, तरी तो अंदाज हात राखूनच केलेला आहे. आता झिऑनच्या एका कोअरला 100 मिनिटं लागतील असं एक काम घ्या, ज्याचा निम्मा भाग वाटून करता येतो आणि निम्मा एकामागून एकच करावा लागतो. झिऑन वाटपाचा भाग चौदा ठिकाणी देऊन एकूण 54 मिनिटांत मोकळा होतो. आय3 तेच काम 42 मिनिटांत संपवतो. दहा कोअर जास्त असूनही झिऑन मागे! कारण ज्या निम्म्या कामात पुढची पायरी आधीच्या पायरीची वाट पाहते, तिथे तेरा कोअर नुसते बसून असतात. संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये नेमकी हीच मर्यादा मांडली होती. टॅलीतली नोंद, शेतकऱ्याची हिशेबपट्टी, फोटोशॉपमधले बरेचसे संस्कार, ब्राउझरमध्ये उघडलेला अर्ज, ही सगळी कामं याच जातीची. एक माणूस, एक पडदा, आणि बटण दाबल्यावर लागणारा वेळ.

यावर आक्षेप येतो की चाचण्यांच्या आकड्यांत मात्र झिऑन वर दिसतो. दिसतो खरा, पण कोणत्या चाचणीत? प्रोसेसरच्या मोजमापासाठी 1988 मध्ये स्थापन झालेली स्पेक ही संस्था आपल्या 2017 च्या चाचणीसंचात दोन वेगळे निकाल देते. ‘स्पीड’मध्ये एक काम किती वेळात झालं ते मोजतात, तर ‘रेट’मध्ये एकाच वेळी अनेक कामं लावून ठरावीक वेळात किती हातावेगळी झाली ते. मोजणाऱ्यांनीच जे दोन खाती लिहून वेगळं ठेवलं, ते विकणारा एका आकड्यात दाखवतो आणि आपण तो आकडा मुकाट्याने मान्य करतो.

पण म्हणून सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे महागडा आणि मंद माल, असं म्हणणंही तितकंच चूक, आणि हे तर मला जास्तच खटकतं. वरच्या उदाहरणात वाटण्याजोगा भाग निम्म्याऐवजी नव्वद टक्के करा: झिऑन 16 मिनिटांत सुटतो, आय3ला 22 लागतात. अशी कामं जगात भरपूर आहेत. दहावीचा निकाल दुपारी एकला खुला होतो तेव्हा एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिवची मुलं एकाच मिनिटात आपापला बैठक क्रमांक टाकतात. प्रत्येकाची मागणी एवढीशी, कोणाची कोणावाचून अडत नाही, पण सगळ्यांची एकदम. इथे एका कोअरच्या चपळाईपेक्षा कोअरची संख्या, रॅमकडे जाणारे चार मार्ग (आय3ला दोनच), दीड टेराबाइटपर्यंत रॅम घेण्याची ताकद आणि रॅममध्ये उलटलेला एखादा बिट ओळखून दुरुस्त करणारी ईसीसीची सोय कामी येते. याहून बोलका दाखला पुण्याचा. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 मध्ये बसवलेला ‘प्रत्युष’ हा महासंगणक याच पिढीच्या, 18 कोअरच्या झिऑनवर उभा होता, आणि त्यांचा मूळ वेग होता जेमतेम 2.1 गिगाहर्ट्झ. तरीही तो मोसमी पावसाची गणितं करी, कारण हवामानाचं गणित नकाशाच्या हजारो चौकटींत वाटता येतं. मराठवाड्याच्या पावसाचा अंदाज बांधायला तो वेग पुरला. तोच प्रोसेसर फोटोशॉपसाठी आणून टेबलावर मांडला की मात्र खोळंबतो.

पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी सेंटरवर रांग लागते, पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि चालक म्हणतो, मशीन बदलायला हवं. त्या घटकेला त्याने टास्क मॅनेजर उघडून पाहावा. त्याचा प्रोसेसर बहुधा रिकामाच बसलेला दिसेल. काम अडलंय ते दूरच्या सर्व्हरवर किंवा मधल्या नेटवर्कमध्ये. त्याच्या टेबलावर चौदाच काय, चाळीस कोअर ठेवले तरी ती रांग इंचभर पुढे सरकणार नाही.

उरतो पैशाचा मुद्दा. छोट्या धंद्याच्या माणसाला हजार-दोन हजारांचा फरकही जड जातो, म्हणून तो हलका लेखून चालणार नाही. पण हिशेब पुरा करावा. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे पडदा दिसण्यासाठीच वेगळं कार्ड घ्यावं लागतं. आय3-12100 मध्ये ते आहे, आणि व्हिडिओ झटपट गुंडाळणारी वेगळी यंत्रणाही आहे. म्हणजे लग्नाच्या शूटिंगची फाइल काढताना, जिथे चौदा कोअर खरोखर कामाला आले असते, तिथेही नवा प्रोसेसर बरंच अंतर भरून काढतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही. आणि मशीन शंभर वॅट जास्त खात असेल तर दहा तासांच्या दिवसाला एक युनिट वाढतं, इन्व्हर्टर लवकर बसतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात ती उष्णता माणसालाच सोसावी लागते. एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला संगणकीय नमुने रात्रभर चालवायचे असतील, किंवा कोणाला एकाच मशीनवर दहा-वीस आभासी संगणक उभे करायचे असतील, तर त्याने जुना झिऑन जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आपली रोजची सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्यावी, दोन्ही मशीनवर तीच उघडून, तेच काम करून, मोबाइलच्या घड्याळावर वेळ लावावी. दुकानदार त्याला तयार नसेल, तर कोअरचा आकडा ऐकून पैसे मोजू नयेत.